खिडकीकडे पाठ

१ मार्च

आजपासून मास्कची सक्ती उठली. दवाखान्याच्या दारावरची लाल पाटी मी स्वतः उतरवली आणि मागे राहिलेला गोंद नखाने खरवडून काढला. मॅडम म्हणाल्या, "अहो कानमास्तर, नखं तुटतील!" म्हटलं, तुटू देत. दोन वर्षं या पाटीने जीव नकोसा केलाय.

मॅडम म्हणजे आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर. वयाने माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या, पण हाताला गुण आहे. मी त्यांच्याकडे कानांची चाचणी घेतो, म्हणून कानमास्तर. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून यंत्रावर एकेक आवाज सोडायचा. जाडा, बारीक, मोठा, लहान. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. खोलीला एक काचेची खिडकी आहे आणि बसणाऱ्याची पाठ त्या खिडकीकडे असलीच पाहिजे, हा माझा कडक नियम. तोंड खिडकीकडे असलं की लोक माझ्या हाताकडे बघून बटण दाबतात. लबाडी म्हणून नाही, त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. कानाला कमी पडलं की डोळा गुपचूप मदतीला धावतो.

साथीत ही खोली कुलूपबंद होती, हवा खेळत नाही म्हणून. आज कुलूप काढलं. पण खरी गंमत वेगळीच. मास्क गेले आणि लोकांचे आवाज परत आले! दोन वर्षं सगळे नुसते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. आज मॅडमचं, रिसेप्शनवरच्या मुलीचं, पेशंटांचं, सगळ्यांचं बोलणं शब्दन् शब्द कळलं. आता सगळं पूर्वीसारखं होणार. घरी येताना मी चक्क शीळ घालत आलो.

ही वही चिमणीने दिली आहे. चिमणी म्हणजे माझी मुलगी. साथीत नोकरी गाठोड्यात बांधून घरी आली, ती अजून इथेच आहे. "बाबा, तुम्ही हल्ली बोलतच नाही, निदान लिहा तरी," म्हणाली. मी बोलत नाही? बरं. हे घ्या, लिहिलं.

४ मार्च

यंत्र बिघडलंय. वाटलंच होतं.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत मी स्वतः हेडफोन लावून यंत्राचे सगळे आवाज ऐकून घेतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, आधी आपले कान, मग लोकांचे. जाडे आवाज झकास आहेत. पण बारीक आवाज, शिट्टीच्या जातीचे, ते पार गळाठलेत. पूर्वी अगदी हलक्या जोरावर ऐकू यायचे, आता त्यांना भलताच जोर द्यावा लागतो. दोन वर्षं पडून राहिल्यावर दुसरं काय होणार! माणसं गंजली, तिथे यंत्राची काय कथा.

यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो तर मास्क नसतानाही पुटपुटतो. चार वेळा "काय म्हणालात?" विचारल्यावर मॅडमनीच माझ्या हातातून फोन घेतला. सगळीकडची यंत्रं एकदम उघडलीत, त्यामुळे महिनाभर तरी त्याला जमणार नाही म्हणे.

मनात एक शंका येऊन गेली, ती लिहूनच टाकतो. आपलाच कान तर नाही ना? पण मग मॅडमचं बोलणं दिवसभर कसं ऐकू येतं? मास्क होता तोवर येत नव्हतं, मास्क गेला आणि आलं. म्हणजे दोष मास्कचा. आणि आता दोष यंत्राचा. सरळ हिशेब आहे.

७ मार्च

रविवार. दिवसभर घरी. घरातलं काही मला कळेनासं झालंय.

पहिली गोष्ट माझी खुर्ची. जेवणाच्या टेबलाशी मी वर्षानुवर्षं खिडकीकडे तोंड करून बसायचो. समोरचा रस्ता दिसायचा, येणारे-जाणारे दिसायचे. साथीत केव्हातरी हिने खुर्च्या बदलल्या. आता माझी पाठ खिडकीकडे आणि तोंड हिच्याकडे. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या डोळ्यांवर उजेड येतो ना, म्हणून." माझ्या डोळ्यांची कोणी तक्रार केली होती?

दुसरी गोष्ट, ही स्वयंपाकघरातून बोलत नाही. पूर्वी आतूनच फर्मानं सुटायची, "अहो, पाणी भरा," "अहो, दार बघा." आता हातातलं काम टाकून बाहेर येते, समोर उभी राहते आणि मग बोलते. जशी काही मी कुणी पाव्हणा आहे. शिवाय आवाज इतका हळू! वाचनालयात नोकरी करून करून हिला कुजबुजायची सवय लागली आहे.

आणि तिसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो. ही लिपस्टिक लावते. घरात! लग्नातसुद्धा जिने नाक मुरडून लावली होती, ती बाई हल्ली सकाळी उठून चूळ भरते आणि लिपस्टिक लावते. तीही चांगली गडद. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय? "कोणासाठी?" असं?

पेपरात रोज येतं, माणसं घरात बसली म्हणून पाखरं वाढली. आमच्याकडे उलट. समोरच्या झाडावर सकाळी केवढा कलकलाट असायचा, आता चिटपाखरू नाही. साथीने काय काय नेलं, कोण मोजणार.

९ मार्च

यंत्र मीच दुरुस्त केलं.

मागच्या झाकणाला सील असतं. ते तोडलं की आत प्रत्येक आवाजाचा एक बारीक स्क्रू आहे, त्याने जोर कमी-जास्त होतो. खरं तर हे काम दुरुस्तीवाल्याचं, पण त्याची वाट बघत बसलो तर रांगेतले पेशंट म्हातारे होतील. हेडफोन कानाला, स्क्रूड्रायव्हर हातात, आणि बारीक आवाज एकेक करून वर आणले. पूर्वी जिथे ऐकू यायचे तिथे पुन्हा ऐकू येईपर्यंत. तासाभराचं काम. मॅडमना सांगितलं नाही. त्यांच्या डोक्याला आधीच कमी ताप आहेत का?

कित्येक दिवसांनी आपल्या हातून काहीतरी नीट झालं असं वाटलं.

१२ मार्च

आज एक फार छान चाचणी झाली.

एक बाई आल्या होत्या, पाळणाघर चालवतात. साथीत पाळणाघर बंद होतं, येत्या सोमवारपासून उघडणार. त्यांनी मागच्या वर्षीच नाव नोंदवलं होतं, नंबर आता लागला. म्हणाल्या, "मास्क होते तेव्हा मला कुणाचं काही कळायचंच नाही हो. घाबरले होते. आता बरंच कळतं. पण लहान मुलांचा मामला, म्हटलं खात्री करून घ्यावी."

मी त्यांना समजावलं. "बाई, आपण निम्मं ऐकतो ते डोळ्यांनी. समोरच्याचे ओठ बघून. कान थोडा कमी पडला तरी ओठ भरून काढतात आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मास्क आला आणि कितीतरी लोकांना कळलं की आपण बहिरे होत चाललोय." त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, "थांबा, आधी तपासू तरी."

पाठ खिडकीकडे करून बसवलं. आणि सांगायला आनंद वाटतो, सगळे आवाज ऐकू आले. बारीकसुद्धा. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "कान ठणठणीत. तो सगळा मास्कचा खेळ होता. बिनधास्त पाळणाघर उघडा." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माझा हात धरून किती तरी वेळ काहीतरी बोलत होत्या. मान खाली होती, त्यामुळे नीट कळलं नाही, पण भाव पोचला.

कुणाचं तरी आयुष्य आपल्या हाताने रुळावर आलं. यासाठीच तर नोकरी करायची.

१४ मार्च

मी आज माझी खुर्ची परत घेतली. मास्क गेले, पाट्या गेल्या, मग खुर्चीनेच काय घोडं मारलंय? सकाळीच उचलून पूर्वीच्या जागी ठेवली. रस्ता दिसला. बरं वाटलं.

पण जेवताना सगळं विचित्रच झालं. ही आणि चिमणी खिडकीकडे पाठ करून समोर बसल्या, मागून झगझगीत उजेड, दोघींचे चेहरे काळे ठिक्कर. आणि दोघी गप्प. म्हणजे मधूनमधून एकमेकींशी काहीतरी चाललं होतं, पण माझ्याशी नाही. मी दोनदा विषय काढला. उत्तर आलं असेल-नसेल. शेवटी मी ताट घेऊन आत गेलो. खुर्ची बदलल्याचा इतका राग?

मग चिमणी आत आली, अगदी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एकदा कान तपासून घ्या ना. प्लीज."

मी म्हटलं, "लोकांचे कान मी तपासतो, माझे कोण तपासणार?"

"मॅडमना सांगा."

"अगं, मी रोज सकाळी तपासतो स्वतःचे! यंत्र लावून! तुझ्या आईने शिकवलं वाटतं हे? तिलाही मागे एकदा सांगितलंय, मला कान शिकवू नकोस म्हणून."

माझा आवाज चढला. हल्ली चढतो, पूर्वी असा नव्हता. साथीने आम्हाला ओरडणारं कुटुंब करून टाकलं. चिमणी रडवेली झाली. डोक्यावरून हात फिरवायला गेलो तर उकळतं दूध उतू गेलं आणि दोघांनी मिळून ओटा पुसला.

संध्याकाळी पाहिलं तर खुर्ची पुन्हा बदललेली.

१९ मार्च

चिमणी गेली. तिचं ऑफिस उघडून महिना होऊन गेला, म्हणे रजा वाढवून घेतली होती. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. या पोरीला आळस फार. निघताना आईला कोपऱ्यात घेऊन बराच वेळ बोलली, मग माझ्याकडे येऊन माझे दोन्ही गाल धरून म्हणाली, "बाबा, मी फोन करणार नाही. व्हिडिओ कॉल करीन. उचलायचा." फोन का नको? असो, नव्या पिढीचं सगळंच तोंड दाखवून.

तरी मी दुपारी न राहवून साधा फोन लावलाच. लाइन इतकी खराब! नुसती गुरगुर. "हो हो, ठीक आहे, ठीक आहे" म्हणून ठेवला. काय ठीक होतं कोण जाणे.

घर किती शांत झालंय. म्हणजे नेहमीसारखं होणं म्हणजे हेच ना? ती तिच्या गावी, आम्ही दोघं इथे. हेच तर मला हवं होतं. मग सारखा तिच्या खोलीत का डोकावतोय मी?

२३ मार्च

आज एक गोष्ट पाहिली आणि डोकं भणभणलं.

ही वाचनालयात निघाली होती. आरशासमोर उभी राहून रुमालाने ओठ पुसत होती. खसाखसा, पार रंग जाईपर्यंत. आणि संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या, आणि आधी जाऊन लिपस्टिक लावली.

बाहेर जाताना पुसायची आणि घरात लावायची! उलटंच सगळं. बाहेर कुणासाठी नटली असती तर एक वेळ समजलो असतो. संतापलो असतो, पण समजलो असतो. घरात कोण आहे? मीच. माझ्यासाठी? इतक्या वर्षांनी, या टकलासाठी? कुणाचा व्हिडिओ कॉल येत असेल का? मी घरी नसतो तेव्हा येत असेल, तर मग मी घरी असताना का लावते? जितका विचार करावा तितका गुंता. मी नको नको ते मनात आणतोय, हे कळतंय. पण मनाला दार थोडंच असतं.

दवाखान्यात मॅडम म्हणाल्या, "कानमास्तर, साथीत लोकांचे कान सुधारले की काय? या महिन्यात म्हातारेकोतारेसुद्धा नॉर्मल येतायत." मी म्हटलं, "दोन वर्षं विश्रांती मिळाली ना!" आणि हसलो. त्या हसल्या नाहीत. थकल्या असतील.

२९ मार्च

आज पाळणाघरवाल्या बाई आल्या. नंबर न लावता, सरळ आत. मॅडमही तिथेच होत्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे एक लहान मूल न्हाणीघरात गेलं आणि आतून कडी लागली. ते रडत राहिलं. बाई बाहेरच्या खोलीत बाकीच्या मुलांना जेवू घालत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही. एका मुलाची आई न्यायला आली, तिला जिन्यातूनच रडणं ऐकू आलं. दार फोडून मुलाला बाहेर काढलं. मूल सुखरूप आहे, पण रडून रडून घसा बसलाय. दुसऱ्या दिवसापासून कुणी मूल पाठवत नाही.

भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मला विचारत होत्या, "तुम्ही सांगितलंत कान चांगले आहेत. मग मला ऐकू का नाही आलं? मी काय करत होते तेव्हा? मला काही आठवतच नाही. मला वेड लागतंय का हो?"

मी त्यांना पुन्हा खोलीत बसवलं, पाठ खिडकीकडे. पुन्हा सगळं नॉर्मल. मी बाहेर येऊन म्हणालो, "बाई, कान उत्तम आहेत. तुमचं लक्ष नसेल."

त्यांनी मान फिरवली. पर्स उचलली, कागद टेबलावरच ठेवला आणि गेल्या. मी काही चुकीचं बोललो का? खरं तेच सांगितलं. यंत्र खोटं बोलत नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी फोन उचलला आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या, "महिना नाही, उद्या." हे मात्र मला लख्ख कळलं, कारण त्या माझ्याकडे बघतच बोलत होत्या.

३० मार्च

दुरुस्तीवाला आला. त्याच्याकडे एक छोटी डबी असते, तिच्यावर हेडफोन ठेवला की आवाज किती जोराचा आहे ते काट्यावर दिसतं. जाडे आवाज बरोबर निघाले. बारीक आवाजांना काटा पार वर उडाला.

"सील कुणी तोडलं?" त्याने विचारलं.

"मी. जोर कमी झाला होता. भरून काढला."

"कमी झालाय हे कुणी सांगितलं?"

"माझ्या कानांनी. रोज ऐकतो मी."

तो माझ्याकडे न बघता मॅडमकडे बघायला लागला. मग त्याने सगळे स्क्रू मूळ जागी आणले, आपल्या डबीवर पुन्हा ताडून पाहिले, आणि हेडफोन मॅडमना दिला. त्यांनी लावला. "हो, येतोय," त्या म्हणाल्या. त्याने स्वतः लावला. मान डोलावली. मग माझ्या कानांवर ठेवला.

मी वाट बघत उभा राहिलो. मग म्हणालो, "सुरू करा."

तो म्हणाला, "सुरूच आहे."

दोघं मिळून माझी थट्टा करतायत असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी हसलो सुद्धा.

मॅडमनी खोलीचं दार उघडून धरलं. "बसता का?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. मग कालचा तो टेबलावर ठेवलेला कागद आठवला आणि आत जाऊन बसलो. बसलो तो खिडकीकडे तोंड करून. मॅडमनी काचेपलीकडून बोट गोल फिरवलं. वळलो.

दार बंद झालं. इतकी वर्षं लोकांना या खोलीत बसवलं, ती इतकी एकटी आहे हे माहीत नव्हतं. जाडे आवाज आले, दाबलं बटण. मग बारीक सुरू झाले असणार. आता मला चाचणीची चाल तोंडपाठ आहे. किती वेळ थांबून पुढचा आवाज सोडतात, जोर कसा चढवतात, कसा उतरवतात, झोपेतसुद्धा सांगेन. तशी वेळ झाली की माझा अंगठा आपोआप दबत होता. एकदा दाबला. दोनदा दाबला. आणि मग लक्षात आलं, मला काहीच ऐकू आलेलं नाही. नुसती सवय बटण दाबतेय. असाच अंगठा दाबत राहिलो असतो तर नॉर्मल आलो असतो, मॅडमनाही कळलं नसतं.

मी दुसऱ्या हाताने अंगठा धरून ठेवला. घट्ट. आणि ऐकायचा प्रयत्न केला, मनापासून. काही नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं.

माझ्या चाचणीचा कागद मी वाचला नाही. तो वाचायला मीच शिकवलंय कितीजणांना.

३१ मार्च

काल घरी आल्यावर काय झालं ते आज लिहितोय.

मी दारातच उभा होतो. ही आतून आली, माझ्यासमोर उभी राहिली, ओठ रंगवलेले. मी कागद पुढे केला. तिने तो पाहिलाही नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"साथीच्या पहिल्या थंडीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते हो. तुम्ही म्हणालात, मला कान शिकवू नकोस. दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हा तर दवाखाना बंद, चिमणी आजारी, म्हटलं आता आणखी नको. जे जमलं ते केलं."

काय जमलं? तिने माझा हात धरून मला माझ्या खुर्चीवर बसवलं, पाठ खिडकीकडे, आणि स्वतः समोर बसली. संध्याकाळचा उजेड माझ्या खांद्यावरून तिच्या तोंडावर पडला होता. खुर्ची. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"आणि ही लिपस्टिक?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"ओठ ठळक दिसावेत म्हणून. चिमणीने कुठेतरी वाचलं होतं." मग तोंड वाकडं करून म्हणाली, "मला तर तिचा वासही सोसत नाही. घराबाहेर पडताना आधी पुसून टाकते."

मी रडलो. लपवायचं कशाला, वहीला सांगायला कसली लाज. टेबलावर डोकं टेकून रडलो. माझ्या मनात जे येऊन गेलं होतं ते मात्र तिला सांगितलं नाही. ऐकून ती हसली असती की उठून गेली असती, मला ठरवता येईना.

मला कळत नाही, मी मूर्ख आहे की भाग्यवान. दोन्ही एकाच वेळी असता येतं का?

८ एप्रिल

आठवडाभर एकच काम. मी स्क्रू फिरवल्यानंतर ज्यांची ज्यांची चाचणी घेतली त्या सगळ्यांना परत बोलावणं. चाचण्या आता मॅडम घेतात. त्यांनी मला काढलं नाही. "पुढचं पुढे बघू," म्हणाल्या. याचा अर्थ काय, विचारायचा धीर झाला नाही.

फोन करायचे होते आणि फोन माझ्याच्याने होत नाही, हे पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं. हिने रजा घेतली. ती वाचनालयातल्या आवाजात प्रत्येकाला समजावायची, मी शेजारी बसून तिच्या ओठांकडे बघत वेळा ठरवायचो. काही लोक चिडले. एक आजोबा म्हणाले म्हणे, "तरीच! सून म्हणत होती."

पाळणाघरवाल्या बाईंकडे मी स्वतः गेलो. दार उघडंच होतं. छोट्या छोट्या गाद्या एकावर एक रचून ठेवलेल्या, मूल एकही नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, "बाई, तुमचं लक्ष होतं. तुमचा कान कमी आहे आणि माझा त्याहून कमी. मी यंत्र माझ्या मापाने वाढवून ठेवलं होतं. दोष माझा. हे मी त्या मुलांच्या आयांना येऊन सांगेन. सगळ्यांसमोर."

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," म्हणाल्या.

"नाही हो."

मग त्या गाद्या नीट करायला वळल्या आणि पाठमोऱ्या काहीतरी बोलल्या. लांबलचक. माफ केलं असेल, शिव्या घातल्या असतील, मला कळलं नाही. "पुन्हा सांगता का?" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं मागायचा मला हक्क नव्हता. उद्या त्या मॅडमकडे येणार आहेत, हे रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं.

माझ्या कानांत घालायची श्रवणयंत्रं यायला अजून वेळ आहे. आली तरी सगळं पूर्वीसारखं होणार नाही, हे मी शेकडो लोकांना सांगितलंय, आता मलाही माहीत असलेलं बरं. एक मार्चला मी शीळ घालत घरी आलो होतो, ती शीळ तरी वाजली होती का कोण जाणे.

आत्ता ही बाजारात निघाली आहे. ओठ पुसलेले. दारातून वळून, माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं, "काही आणायचंय का?"

मी म्हटलं, "लिपस्टिक संपत आली असेल ना? नवी आण. जरा आणखी गडद."